चारचाकीच्या इंजिनासाठी स्वतः बनवलेल्या थ्रॉटल बॉडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत लेथ आणि मिलिंग मशीनवर रोज काम करणाऱ्यांमध्ये गाड्यांची आवड असलेले लोक कमी नाहीत, आणि प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र थ्रॉटल बॉडी (शाफ्टवर फिरणाऱ्या चकतीने इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) आपणच का बनवू नये, हा प्रश्न त्यांच्या मनात कधी ना कधी येतोच. खाली दिलेली उत्तरे अशा वाचकांसाठी आहेत ज्यांना मशीनिंगची ओळख आहे, पण इंजिनाच्या या भागाचे काम ज्यांनी अजून हाती घेतलेले नाही. आकडेमोडीसाठी बहुतेक ठिकाणी मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन घेतले आहे, कारण ते आपल्याकडे सहज मिळते आणि त्याचे माप सर्वांना ठाऊक आहे : बोअर ७४ मि.मी. आणि स्ट्रोक ७५.५ मि.मी.

एकाच थ्रॉटलवर चालणाऱ्या इंजिनाला चार थ्रॉटल कशासाठी लावायचे?

मूळ रचनेत एक थ्रॉटल असतो, त्याच्यामागे हवेचा मोठा डबा म्हणजे प्लेनम असतो आणि त्यातून चार नळ्या चार सिलिंडरकडे जातात. ॲक्सिलरेटर दाबला की आधी हा डबा भरावा लागतो आणि मगच सिलिंडरला जास्त हवा मिळते. थ्रॉटल प्रत्येक नळीत व्हॉल्व्हच्या जवळ आणला की मधली जागा फारच थोडी उरते आणि पायाच्या हालचालीला इंजिन लगेच प्रतिसाद देते. दुसरा फायदा असा की एका सिलिंडरची हवेची स्पंदने दुसऱ्याच्या आड येत नाहीत, त्यामुळे जास्त ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ) असलेला कॅमशाफ्ट बसवला तरी आयडलिंग बऱ्यापैकी सांभाळता येते.

केवळ थ्रॉटल बदलून ताकद मोठ्या प्रमाणात वाढेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. मूळ कॅमशाफ्ट आणि मूळ एक्झॉस्ट तसेच ठेवले तर मिळणारा लाभ मुख्यतः प्रतिसादाचा असतो.

या थ्रॉटल बॉडी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला बसवता येतात का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. इंजिनाची हवा घेण्याची रचना बदलली की प्रदूषण नियंत्रणाची मूळ व्यवस्थाही बदलते. म्हणून हे काम स्पर्धेच्या किंवा बंद ट्रॅकवर चालवण्याच्या गाडीसाठीच करावे. स्पर्धेत उतरायचे असेल तर आपल्या गटाच्या नियमांत स्वतंत्र थ्रॉटलला परवानगी आहे का, हे धातू विकत आणण्यापूर्वीच वाचून घ्यावे, कारण अनेक गटांत मूळ थ्रॉटल बॉडी कायम ठेवण्याची अट असते.

मोटारसायकलच्या जुन्या थ्रॉटल बॉडी वापरणे सोपे नाही का?

सोपे आहे, आणि ज्याला फक्त गाडी चालवायची आहे त्याने तोच मार्ग घ्यावा. त्यात शाफ्ट, सील आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर आयते मिळतात. अडचण दोन सिलिंडरमधील अंतराची असते, कारण मोटारसायकलच्या इंजिनातील अंतर चारचाकीच्या हेडशी जुळत नाही आणि बॉडी सुट्या करून त्यांच्यामधले दुवे नव्याने बनवावे लागतात. ज्यांना आपल्या हेडला नेमका जुळणारा व्यास, नेमकी लांबी आणि हवी ती मांडणी पाहिजे, त्यांच्यासाठी पुढील सर्व उत्तरे आहेत.

थ्रॉटलचा बोअर किती मि.मी.चा ठेवावा?

मोठा बोअर म्हणजे जास्त ताकद असे समजून अनेक जण ४५ मि.मी.पासून सुरुवात करतात. त्याऐवजी हवेच्या वेगाचा हिशेब करावा. ६५०० आरपीएमला या इंजिनाच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १६.४ मीटर असतो. पिस्टनच्या आणि थ्रॉटलच्या व्यासांचे गुणोत्तर घेऊन त्याचा वर्ग केला आणि त्याने या वेगाला गुणले की इनटेक स्ट्रोकमधील हवेचा सरासरी वेग मिळतो. ३८ मि.मी. बोअरला तो सेकंदाला ६२ मीटर येतो, ४० मि.मी.ला ५६ आणि ४५ मि.मी.ला ४४ मीटर.

माझ्या मते या इंजिनाला ३८ ते ४० मि.मी. योग्य आहे. ४५ मि.मी.चा बोअर वरच्या आरपीएमला थोडी मोकळीक देतो, पण पहिल्या काही अंशांतच एवढी हवा आत सोडतो की कमी वेगात पायाला ताबा राहत नाही. व्यास ठरवताना हेडच्या पोर्टचे क्षेत्रफळ मोजावे, आणि थ्रॉटलपासून पोर्टपर्यंतची नळी हळूहळू निमुळती होत जाईल, तिच्यात कोठेही पायरी राहणार नाही, अशी आखणी करावी.

बॉडीसाठी कोणता धातू घ्यावा?

बाजारात एचई ३० या जुन्या नावाने मिळणारा ६०८२ टी६ ॲल्युमिनियमचा चौरस बार किंवा जाड पट्टी उत्तम. तो मशीनवर स्वच्छ कापला जातो, त्याला आर्गन वेल्डिंग चालते आणि त्याच्यावर ॲनोडायझिंगही चांगले बसते. भंगारातून आलेला, ग्रेड माहीत नसलेला तुकडा स्वस्त पडतो, पण तो मऊ निघाला तर टूलला चिकटतो आणि बोअरच्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात. चकतीसाठी १.५ मि.मी. जाडीचा पितळी पत्रा घ्यावा. शाफ्टसाठी ८ मि.मी.चा ग्राइंड केलेला सिल्व्हर स्टीलचा बार घ्यावा, म्हणजे व्यासाच्या अचूकतेची चिंता राहत नाही.

चारही चकत्या एकाच लांब शाफ्टवर बसवाव्यात का?

कागदावर ही रचना सर्वांत सुटसुटीत दिसते, पण गरम झाल्यावर ती त्रास देते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. बॉडींची एकूण लांबी ३३० मि.मी. धरली आणि तापमान ६० अंशांनी वाढले, तर ॲल्युमिनियम आणि पोलादाच्या वाढीत सुमारे ०.२ मि.मी.चा फरक पडतो. चकती शाफ्टला घट्ट बसवलेली असल्यामुळे टोकाकडच्या चकत्या बोअरच्या एका बाजूला घासू लागतात आणि थ्रॉटल अडकण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून प्रत्येक बॉडीला स्वतंत्र शाफ्ट द्यावा, किंवा फार तर दोन बॉडींची जोडी करावी, आणि त्यांच्यामध्ये समायोजनाचा स्क्रू असलेला दुवा ठेवावा. पुढे चारही बॉडी एकमेकींशी जुळवण्यासाठीही तोच दुवा लागतो.

वेबर डीसीओई कार्ब्युरेटरच्या फ्लँजची मांडणी आणि त्यातील ९० मि.मी.चे मध्यांतर स्वीकारले, तर बाजारात मिळणारे ट्रम्पेट (हवा आत घेणाऱ्या भोंग्यासारख्या नळ्या), फिल्टर आणि गॅस्केट थेट बसतात. मात्र त्यासाठी आपल्या हेडच्या पोर्टमधील अंतराशी ते कितपत जुळते आणि नळीला किती वाक द्यावा लागेल, हे आधी रेखाटून पाहावे.

चकती गोल असते की लंबवर्तुळाकार?

लंबवर्तुळाकार, आणि संपूर्ण कामाचा कस येथेच लागतो. चकती बोअरला काटकोनात बंद होत नाही. तशी केली तर ती बोअरमध्ये पाचरीसारखी अडकून बसते. ती ५ ते १० अंश तिरकी असतानाच बोअरला टेकली पाहिजे. मी ७ अंश घेतो. ४० मि.मी. बोअरसाठी शाफ्टच्या दिशेचा व्यास ४० मि.मी.च राहतो आणि त्याला काटकोनातला व्यास ४० भागिले ७ अंशांची कोज्या, म्हणजे ४०.३० मि.मी. येतो. कडेलाही त्याच कोनाचा उतार लागतो, आणि तो शाफ्टच्या दोन बाजूंना परस्परविरुद्ध असतो.

हा आकार कानशीने घासून येत नाही, पण साध्या लेथवर अगदी नेमका येतो. त्यासाठी एक मॅन्ड्रेल बनवावे. बोअरपेक्षा थोडा लहान व्यास असलेला गोल बार घ्यावा, तो मधोमध ७ अंशांच्या तिरक्या छेदाने कापावा आणि दोन्ही तोंडे मिलिंगवर सपाट करावीत. या दोन तोंडांमध्ये पितळी पत्र्याचा चौकोनी तुकडा ठेवून, शाफ्टचे स्क्रू जेथे येणार आहेत त्याच दोन छिद्रांतून स्क्रूने आवळावा. एक टोक चकमध्ये आणि दुसरे टेलस्टॉकच्या रिव्हॉल्व्हिंग सेंटरवर धरून, पत्रा बोअरच्या व्यासाला येईपर्यंत बारीक कट घेत टर्निंग करावे. बाहेर निघणारी चकती लंबवर्तुळाकार असते आणि तिच्या कडेचा उतारही आपोआप बरोबर आलेला असतो.

वेळ वाचवण्यासाठी चार पत्रे एकावर एक रचून एकदम टर्निंग करण्याचा मोह होतो. तो टाळावा. पत्र्यांची थप्पी मॅन्ड्रेलच्या अक्षाशी तिरकी असल्यामुळे १.५ मि.मी. जाडीच्या प्रत्येक पत्र्यामागे लंबवर्तुळाचा मध्य स्क्रूच्या छिद्रांपासून सुमारे ०.१८ मि.मी.ने सरकत जातो, आणि चार चकत्या दिसायला सारख्या असूनही बसवल्यावर चार वेगवेगळ्या जागी बंद होतात. म्हणून एका वेळी एकच चकती कापावी आणि पत्र्याच्या जाडीचा मध्य मॅन्ड्रेलच्या अक्षावर येईल अशी मांडणी करावी.

बोअर आधी करावा की शाफ्टचे छिद्र?

शाफ्टचे छिद्र आधी, ठोकळा भरीव असतानाच. बोअर आधी केला तर ड्रिल वक्र भिंतीतून बाहेर पडताना भरकटते, आणि समोरच्या भिंतीत शिरताना पुन्हा भरकटते, त्यामुळे दोन्ही बाजूंची छिद्रे एका रेषेत येत नाहीत. भरीव ठोकळ्यात सेंटर ड्रिल, नंतर ७.८ मि.मी.चे ड्रिल आणि शेवटी ८ मि.मी.चा रीमर, हे सर्व एकाच सेटिंगमध्ये पूर्ण करावे. बुश किंवा बेअरिंग बसवायचे असेल तर त्यांच्या जागाही याच वेळी कराव्यात.

त्यानंतर ठोकळा फोर जॉ चकमध्ये धरावा. शाफ्टच्या छिद्रात ८ मि.मी.ची ग्राइंड केलेली पिन घालून, तिच्या दोन्ही बाजूंना डायल लावून, पिनचा अक्ष लेथच्या अक्षाला नेमका मध्यावर छेदतो आहे याची खात्री करावी. येथे ०.०५ मि.मी.चा फरकही चकतीच्या एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला घासणे या रूपाने दिसतो. खात्री झाल्यावर पोलादी पिन काढून त्या जागी ॲल्युमिनियमची पिन ठोकून बसवावी, म्हणजे बोअरिंग टूल छिद्रावरून जाताना धक्का खात नाही आणि छिद्राच्या कडेला बर येत नाही. ड्रिलने जागा मोकळी करून बोअरिंग बारने ३९.८ मि.मी.पर्यंत यावे, जॉब पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मगच शेवटचे दोन बारीक कट घ्यावेत. गरम ॲल्युमिनियमवर घेतलेले माप थंड झाल्यावर बदलते, आणि चारही बॉडी एकाच तापमानाला मोजल्या नाहीत तर त्या कधीच सारख्या होत नाहीत.

इतकी अचूकता खरोखर आवश्यक आहे का?

आवश्यक आहे, आणि त्याचे कारण आकड्यांतच दिसते. चकतीच्या सर्व कडेने फक्त ०.०२ मि.मी., म्हणजे वीस मायक्रॉनची फट राहिली, तर ४० मि.मी. व्यासाला तिचे क्षेत्रफळ सुमारे २.५ चौरस मि.मी. होते. चकती ७ अंशांच्या बंद स्थितीतून एक अंश उघडल्यावर मिळणारे क्षेत्रफळ सुमारे २.९ चौरस मि.मी. असते. म्हणजे वीस मायक्रॉनची फट ही थ्रॉटल जवळजवळ एक अंश उघडा ठेवण्यासारखीच आहे. चार बॉडींची मिळून ही गळती दहा चौरस मि.मी. होते, आणि या इंजिनाला आयडलिंगसाठी लागणारे एकूण क्षेत्रफळच माझ्या हिशेबाने पंधरा ते वीस चौरस मि.मी.च्या आसपास आहे. एका बॉडीत वीस मायक्रॉन आणि दुसरीत पन्नास, अशी परिस्थिती असेल तर कोणत्याही ईसीयूने, म्हणजे इंधन नियंत्रित करणाऱ्या इंजिनाच्या संगणकाने, इंजिन शांतपणे आयडल होणार नाही.

पूर्ण उघडलेल्या थ्रॉटलमध्ये मशीनिंगच्या उणिवा लपतात. बंद थ्रॉटलमध्ये त्या लपत नाहीत, आणि म्हणूनच या कामात चकती कशी बंद होते याकडे सर्वाधिक लक्ष दिले पाहिजे. बोअरला एच७ टॉलरन्स, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मि.मी. ही मर्यादा ठेवावी, पण त्याहून महत्त्वाचे हे की चारही बोअर एकमेकांशी दहा मायक्रॉनच्या आत जुळावेत. व्हर्निअरने हे काम होत नाही. बोअर डायल गेज वापरावा, आणि प्रत्येक बोअरला त्याची स्वतःची चकती टर्न करून दोघांवर एकच क्रमांक पंच करावा.

बसवल्यावरची तपासणी अगदी साधी आहे. चकती बंद करून बॉडी ट्यूबलाइटसमोर धरावी आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. सर्व कडेने केसाएवढी एकसारखी प्रकाशरेषा दिसली किंवा काहीच दिसले नाही, तर काम चांगले झाले. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर चकती सरकलेली आहे. तेव्हा स्क्रू किंचित सैल करावेत, चकती हलकेच उघडून पाच-सहा वेळा सोडून द्यावी, म्हणजे ती स्वतःची जागा शोधते, आणि त्याच स्थितीत स्क्रू आवळावेत. यासाठी चकतीची छिद्रे स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असावीत. शाफ्ट बोअरच्या भिंतीत शिरतो त्या दोन बिंदूंपाशी प्रकाश दिसत असेल, तर दोष चकतीचा नसून शाफ्टच्या छिद्राचा आहे.

शाफ्टला खाच करावी की तो अर्धा कापावा?

पूर्ण ८ मि.मी.चा शाफ्ट ४० मि.मी.च्या बोअरमधून आडवा गेला की तो ३२० चौरस मि.मी. जागा अडवतो, म्हणजे एकूण क्षेत्रफळाच्या चौथा हिस्सा. अर्धा कापलेला शाफ्ट आणि चकती मिळून ही अडवणूक सुमारे पंधरा टक्क्यांवर येते, शिवाय चकती बसवणेही सोपे जाते. अर्धा कापताना मिलिंगचा सपाट भाग शाफ्टच्या मध्यापेक्षा चकतीच्या निम्म्या जाडीने, म्हणजे ०.७५ मि.मी.ने खोल घ्यावा, तरच चकतीचा मध्य शाफ्टच्या अक्षावर येतो.

शाफ्ट बारीक करण्याच्या नादात फार पुढे जाऊ नये. जास्त आरपीएमला पाय अचानक काढला की चकतीच्या दोन बाजूंच्या दाबातील फरकामुळे तिच्यावर ७५ ते ९० न्यूटन, म्हणजे आठ-नऊ किलोंचा भार येतो. शाफ्ट वाकला तर चकती बोअरला घासते.

बुश वापरावे की बेअरिंग?

दोन्ही चालतात. गनमेटलचे बुश स्वस्त पडते, कमी जागा घेते आणि स्वतःच बऱ्यापैकी हवाबंद असते. ६८८ क्रमांकाचे सीलबंद बॉल बेअरिंग ८ मि.मी. शाफ्टला थेट बसते, हालचाल अतिशय हलकी करते, पण त्याचे सील हवा अडवण्यासाठी बनवलेले नसते, म्हणून आतल्या बाजूला वेगळे सील किंवा ओ रिंग लागते. नाशिकच्या उन्हाळ्यातली धूळ लक्षात घेता बाहेरच्या बाजूलाही झाकण असावे.

चकतीचे स्क्रू सैल होऊन इंजिनात जाण्याचा धोका किती असतो?

धोका खरा आहे. एम३ स्क्रू सिलिंडरमध्ये गेला की पिस्टन, व्हॉल्व्ह आणि हेड यांपैकी काय वाचेल हे सांगता येत नाही. म्हणून स्क्रूला थ्रेड लॉक लावावे आणि त्याचे टोक शाफ्टच्या मागून थोडे बाहेर ठेवून, शाफ्टला खालून आधार देऊन, पंचने पसरवावे. हे दोन्ही करावे, एकावर भागवू नये. टोक पसरवलेला स्क्रू पुन्हा वापरू नये. हे काम शेवटच्या प्रकाश-तपासणीनंतरच करावे.

रिटर्न स्प्रिंग किती आणि कोठे लावाव्यात?

किमान दोन, एकमेकींपासून स्वतंत्र, आणि प्रत्येकीला एकटीने सर्व चकत्या बंद करता आल्या पाहिजेत. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १२४ या सुरक्षा मानकातही थ्रॉटल आयडलला परत आणणारे किमान दोन ऊर्जास्रोत बंधनकारक आहेत. एक स्प्रिंग केबलच्या लीव्हरवर आणि दुसरी थेट शाफ्टच्या टोकाला लावावी, म्हणजे मधला दुवा निखळला तरी शाफ्ट बंद होतो. बॉडी जोड्यांत असतील तर प्रत्येक जोडीच्या शाफ्टला तिची स्वतःची स्प्रिंग हवी. तपासताना एक स्प्रिंग काढून थ्रॉटल पूर्ण उघडून सोडावा, मग ती लावून दुसरी काढावी. इंजिन गरम असतानाही ही चाचणी पुन्हा करावी.

बंद स्थितीत चकती बोअरवर आपटून थांबता कामा नये. थांबण्याचे काम लीव्हरवरच्या समायोज्य स्टॉप स्क्रूने करावे, नाहीतर चकतीची कड बोअरमध्ये खाच पाडते आणि काही महिन्यांत थ्रॉटल त्या खाचेत चिकटू लागतो. पूर्ण उघडल्यावरही तसाच स्टॉप असावा, म्हणजे पेडलवरच्या पायाचा जोर केबलवर आणि शाफ्टवर येत नाही.

मॅनिफोल्डला जोडणारा फ्लँज कसा बनवावा?

१० मि.मी. जाडीच्या पट्टीतून हेडकडचा फ्लँज कापावा, त्याला नळ्या आर्गन वेल्डिंगने जोडाव्यात, आणि वेल्डिंगच्या वेळी फ्लँज जाड पोलादी पाटावर बोल्टने आवळून ठेवावा. तरीही तो थोडा वाकतोच, म्हणून वेल्डिंगनंतर पुन्हा फेसिंग करणे अपरिहार्य आहे आणि त्यासाठी जाडीत अर्धा ते एक मि.मी. जास्तीचा माल ठेवावा. मूळ मॅनिफोल्डचा, म्हणजे हेडला हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या संचाचा, हेडकडचा भाग कापून वापरला तर इंजेक्टरच्या जागा आयत्या मिळतात, आणि पहिल्या प्रकल्पासाठी मी हाच मार्ग सुचवतो. बॉडी आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये ५ मि.मी.ची हायलम शीट घातली की हेडची उष्णता बॉडीपर्यंत कमी पोहोचते.

ट्रम्पेटची लांबी कशी ठरवावी?

व्हॉल्व्हपासून ट्रम्पेटच्या तोंडापर्यंतची एकूण लांबी विचारात घ्यावी. पिस्टन हवा खेचतो तेव्हा निर्माण झालेली कमी दाबाची लहर नळीच्या उघड्या तोंडापर्यंत जाते आणि जास्त दाबाची लहर होऊन परत येते. लांबी ३५० मि.मी. असेल तर सेकंदाला ३५० मीटर वेगाने या जाण्या-येण्याला दोन मिलिसेकंद लागतात, आणि ६५०० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक ७८ अंश फिरतो. पिस्टनचा वेग वरच्या टोकानंतर साधारण ७५ अंशांना सर्वाधिक असतो, म्हणजे परतलेली लहर पिस्टन खालच्या टोकाजवळ आणि व्हॉल्व्ह अजून उघडा असताना पोहोचते, आणि भरण्याला मदत करते. लांबी ५० मि.मी.ने बदलली की ही वेळ सुमारे ११ अंशांनी बदलते. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून ट्रम्पेट वेगळे आणि बदलता येण्याजोगे बनवावेत. त्यांच्या तोंडाला गोलसर ओठ असावा आणि फिल्टरची जाळी ओठाला खेटून नसावी. फिल्टर न लावता इंजिन चालू करू नये, चाचणीपुरतेसुद्धा नाही.

ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम कोठून द्यायचा?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि खरे तर तो सर्वांत आधी विचारला पाहिजे. ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो, पण प्लेनम गेल्यावर स्थिर व्हॅक्यूमची जागाच उरत नाही, आणि एका सिलिंडरच्या नळीतून घेतलेला व्हॅक्यूम तुटक असतो. चारही बॉडींना चकतीच्या इंजिनाकडच्या बाजूला ४ ते ५ मि.मी.ची छिद्रे करावीत, त्यांच्या नळ्या एका छोट्या सामाईक डब्यात आणाव्यात, आणि तेथून मूळ एकमार्गी व्हॉल्व्हमधून बूस्टरला जोडणी द्यावी. मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा मॅप सेन्सर आणि आयडल व्हॉल्व्ह यांच्यासाठीही हाच डबा उपयोगी पडतो. या नळ्या जास्त जाड केल्या तर चारही सिलिंडर पुन्हा एकमेकांना जोडले जातात आणि स्वतंत्र थ्रॉटलचा फायदा कमी होतो.

तपासणीसाठी इंजिन बंद असताना ब्रेक पेडल कडक होईपर्यंत दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करावे, आणि पेडल स्पष्टपणे खाली गेले पाहिजे. ते गेले नाही तर गाडी जागेवरून हलवू नये.

चारही बॉडी एकमेकींशी कशा जुळवाव्यात?

ट्रम्पेटच्या तोंडावर धरण्याचा हवेचा मापक किंवा चार व्हॅक्यूम गेज वापरावेत. पारदर्शक नळीत पाणी भरून घरगुती मॅनोमीटर बनवण्याचा सल्ला काही जण देतात. आयडलिंगला मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा ६० किलोपास्कलने कमी असू शकतो, म्हणजे सुमारे सहा मीटर पाण्याच्या उंचीइतका. ते पाणी थेट सिलिंडरमध्ये खेचले जाईल, म्हणून हा उपाय करू नये. आधी बायपासचे (चकतीला वळसा घालून थोडी हवा सोडणाऱ्या वाटेचे) स्क्रू पूर्ण बंद करून दुव्यांच्या स्क्रूने चकत्या जुळवाव्यात, आणि उरलेला बारीक फरक बायपासने काढावा. उलट क्रमाने केले तर आयडलिंग चांगले वाटते, पण पाय किंचित दाबताच इंजिन अडखळते.

नाशिकमध्ये हे काम बाहेरून करून घेता येईल का?

निश्चितच. बॉशचा इंधन-इंजेक्शनचा कारखाना, महिंद्रचा वाहन कारखाना आणि ओझरचा एचएएलचा विमान कारखाना यांच्यामुळे या शहरात अचूक मापाच्या कामाची सवय रुजलेली आहे, आणि जॉबवर्क घेणाऱ्या लहान युनिटमध्येही चांगले बोअर गेज आणि ते वापरणारे हात मिळतात. अडचण बहुधा ड्रॉइंगमध्ये असते. चार नगांचे काम घेताना टर्नर आपल्या अंदाजाने टॉलरन्स ठरवतो, म्हणून बोअरचा एच७, शाफ्टच्या छिद्राचा एच७, दोन्ही अक्षांचा छेद ०.०२ मि.मी.च्या आत आणि बोअरचा पृष्ठभाग, या चार गोष्टी ड्रॉइंगवर स्पष्ट लिहाव्यात आणि बाकीच्या मापांना मोकळीक द्यावी. सगळ्याच मापांवर कडक टॉलरन्स लिहिला की खर्च वाढतो आणि महत्त्वाच्या मापांकडे दुर्लक्ष होते. शाफ्टचे छिद्र आधी, बोअर नंतर, हा क्रमही ड्रॉइंगवरच लिहून द्यावा. चकत्या मात्र शक्य तर स्वतः टर्न कराव्यात.

नाशिकमध्ये ट्यून केलेली गाडी दुसऱ्या शहरातील ट्रॅकवर नेल्यावर वेगळी का चालते?

स्वतंत्र थ्रॉटलच्या इंजिनाला बहुधा थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम या दोन गोष्टींवरून इंधन दिले जाते, कारण मॅनिफोल्डमधील दाब थोडा थ्रॉटल उघडताच बाहेरच्या दाबाजवळ पोहोचतो आणि त्यावरून फारसे काही कळत नाही. पण थ्रॉटलच्या कोनाला बाहेरची हवा विरळ आहे की दाट, हे माहीत नसते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब साधारण ९४ किलोपास्कल असतो. समुद्रसपाटीला तो १०१ असतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तीच गाडी उतरवली की प्रत्येक स्ट्रोकला सात ते आठ टक्के जास्त हवा आत येते आणि इंधन मात्र नाशिकच्या हिशेबानेच मिळते. येथे पूर्ण थ्रॉटलला १२.८ असलेले हवा-इंधन गुणोत्तर तेथे १३.८ च्या आसपास जाते, आणि जास्त भारावर एवढे पातळ मिश्रण पिस्टनला घातक ठरू शकते. कोइंबतूर सुमारे ४०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे फरक कमी पडतो, पण पडतोच.

उपाय असा की ईसीयूला बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा स्वतंत्र सेन्सर जोडावा आणि त्यानुसार इंधनात सुधारणा करणारा तक्ता चालू ठेवावा. हा सेन्सर सामाईक डब्याला नव्हे, तर थेट बाहेरच्या हवेला जोडायचा असतो. हवेच्या तापमानाचा सेन्सर ट्रम्पेटच्या तोंडाजवळ, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर ठेवावा. तरीही नव्या ठिकाणी पहिल्या काही फेऱ्या हवा-इंधन गुणोत्तर दाखवणाऱ्या वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सरवर लक्ष ठेवून, अर्ध्या थ्रॉटलने माराव्यात, आणि आकडे जुळल्यानंतरच पेडल पूर्ण दाबावे.